पुरुष आणि पारलिंगी पीडितांची तक्रार कोणत्या कलमाखाली घ्यायची? विधिमंडळ सदस्य आणि गृह विभागाला खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा आणि विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य,
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मा. पोलीस महासंचालक, महाराष्ट्र राज्य

विषय : प्रौढ पुरुष आणि पारलिंगी व्यक्तींवरील लैंगिक अत्याचाराबाबत राज्याची कायदादुरुस्ती आणि तातडीचे परिपत्रक

स.न.वि.वि.

१ जुलै २०२४ रोजी भारतीय दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता लागू झाली. तेव्हापासून अठरा वर्षांवरील पुरुषावर कोणी बळजबरीने लैंगिक अत्याचार केला, तर त्या कृत्याला नाव देणारे एकही कलम नव्या संहितेत नाही. पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्तींची स्थिती जवळजवळ तीच आहे. बलात्काराच्या आणि विनयभंगाच्या खटल्यांत, न्यायवैद्यक तपासणीत आणि पीडितांच्या समुपदेशनात रोज काम करणारी आम्ही माणसे आहोत. उणीव नेमकी कुठे आहे, तिच्यामुळे ठाण्यात, दवाखान्यात आणि कोर्टात काय बिघडते, आणि तुमच्या अधिकारात आज काय करता येईल, हे मांडण्यासाठी हे पत्र.

जुन्या संहितेचे कलम ३७७ वाईट होते, यात आमच्यात दुमत नाही. ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ अशी त्याची भाषा होती. संमतीचा विचार त्यात नव्हता. दीडशेहून अधिक वर्षे ते समलिंगी माणसांना धमकावण्यासाठी आणि त्यांच्याकडून पैसे उकळण्यासाठी वापरले गेले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नवतेज सिंग जोहर खटल्यात प्रौढांमधील संमतीचे संबंध त्या कलमातून बाहेर काढले, पण संमतीविना केलेल्या कृत्यांपुरते कलम शाबूत ठेवले. पुरुषावर जबरदस्ती झाली की जन्मठेपेपर्यंत किंवा दहा वर्षांपर्यंत शिक्षा देणारे तेवढे एकच कलम उरले होते. नव्या संहितेने ते पूर्ण वगळले आणि त्याच्या जागी काहीच आणले नाही. संसदेच्या गृहविषयक स्थायी समितीने नोव्हेंबर २०२३ च्या अहवालात ही उणीव दाखवून ती भरायला सांगितले होते. ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने केंद्राला यावर लवकर निर्णय घ्यायला सांगितले. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, नवा गुन्हा निर्माण करण्याचा आदेश आम्ही संसदेला देऊ शकत नाही, असे म्हणून याचिका निकाली काढली. न्यायालयाचे म्हणणे बरोबर आहे. गुन्हा निर्माण करणे हे कायदेमंडळाचेच काम आहे, म्हणून आम्ही तुमच्याकडे आलो आहोत.

आता ठाण्यात काय घडते ते पाहा. चोवीस वर्षांचा एक तरुण रात्री येतो. डेटिंग ॲपवर ओळख झालेल्या माणसाने खोलीवर बोलावले, तिथे आणखी तिघे होते, दार लावून घेतले, अत्याचार केला, व्हिडिओ काढला, फोनवरून पैसे वळते करून घेतले. ठाणे अंमलदार कलम शोधू लागतो. बलात्काराचे कलम ६३ उघडले तर पीडितेच्या जागी ‘स्त्री’. विनयभंगापासून पाठलागापर्यंतची ७४, ७५, ७६, ७७, ७८ ही कलमे, त्या प्रत्येकात पुन्हा स्त्रीच. मग हात जातो कलम ११५(२) कडे, म्हणजे साधी दुखापत : एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा गुन्हा अदखलपात्र आहे. तरुणाच्या हातात एनसीची, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीची, प्रत पडते आणि त्याला कोर्टात जायला सांगितले जाते. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस अदखलपात्र गुन्ह्याचा तपास करू शकत नाहीत. त्यामुळे खोलीचा पंचनामा होत नाही, चादर जप्त होत नाही, सीसीटीव्हीचे चित्रण काही दिवसांत पुसले जाते.

हेच कृत्य त्या खोलीत स्त्रीवर झाले असते, तर कलम ७० खाली सामूहिक बलात्कार म्हणून किमान वीस वर्षांची सक्तमजुरी लागली असती. त्या तरुणाचा फोन बळाने हिसकावला असेल, तर जबरी चोरीचे कलम ३०९(४) त्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा देते. फोनसाठी दहा वर्षे आणि शरीरासाठी एक, असा हिशेब आज कायद्यात आहे.

संहितेने या अत्याचाराची दखलच घेतलेली नाही, असेही नाही. खासगी बचावाच्या हक्काचे कलम ३८ पाहावे. ‘अनैसर्गिक वासना’ भागवण्याच्या हेतूने हल्ला झाला, तर स्वतःला वाचवताना हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंतचा हक्क तिथे दिलेला आहे. कलम १४०(४) मध्ये अशा वासनेसाठी माणसाचे अपहरण केल्यास दहा वर्षांपर्यंत कैद आहे. म्हणजे जीव घेऊन रोखता येईल इतका गंभीर हल्ला, आणि तो करण्यासाठी पळवून नेणे हा मोठा गुन्हा. प्रत्यक्ष हल्ला झाल्यावर मात्र संहिता गप्प आहे.

पारलिंगी व्यक्तींसाठी २०१९ चा हक्क संरक्षण कायदा आहे, असे उत्तर आम्हाला हमखास मिळते. तो कायदा ज्या रूपात संमत झाला त्यात कलम १८(घ) खाली शारीरिक, लैंगिक, शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळ एकाच ओळीत आहेत, आणि सगळ्यांना एकच शिक्षा : सहा महिने ते दोन वर्षे. शिवीगाळ आणि बलात्कार एकाच मापात. शिवाय विशेष कायद्यात वेगळे काही म्हटलेले नसेल, तर तीन वर्षांहून कमी शिक्षेचा गुन्हा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) पहिल्या अनुसूचीप्रमाणे अदखलपात्र आणि जामीनपात्र ठरतो. म्हणजे तृतीयपंथी व्यक्तीच्या हातीही शेवटी एनसीच. आणि याच न्याय संहितेच्या कलम २(१०) मध्ये, लिंगाच्या व्याख्येत, पारलिंगी व्यक्तींचा उल्लेख आवर्जून घातलेला आहे.

गुन्ह्याच्या कलमाबरोबर आणखी किती गोष्टी जातात, हे फारसे बोलले जात नाही. आमच्या मते खरे नुकसान तिथे आहे. पीडितेचे नाव उघड करण्यावरची बंदी (न्याय संहिता, कलम ७२), न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जबाब नोंदवून घेण्याची सक्ती (नागरिक सुरक्षा संहिता, कलम १८३(६)), वैद्यकीय तपासणी (कलम १८४), बंद दाराआड सुनावणी (कलम ३६६(२)), सरकारी आणि खासगी दवाखान्यांत मोफत उपचार (कलम ३९७), तक्रार न नोंदवणाऱ्या पोलिसाला शिक्षा (न्याय संहिता, कलम १९९) या सगळ्या तरतुदी ठरावीक कलमांच्या यादीला बांधलेल्या आहेत. कलम १८४ तर थेट ‘स्त्री’ असेच म्हणते. ज्याच्यावरच्या अत्याचाराला कलम नाही त्याला यांतले काहीच हक्काने मिळत नाही. त्याचे नाव, गाव, फोटो वर्तमानपत्राने छापले तरी कलम ७२ मोडत नाही. अनेक पुरुष दारापर्यंत येऊन परत जातात, त्यामागे ही भीती असते.

मुदतीचाही प्रश्न आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ प्रमाणे एक वर्षापर्यंत शिक्षेच्या गुन्ह्याची न्यायालयाने दखल घेण्याची मुदत एक वर्ष आहे. लैंगिक अत्याचाराची वाच्यता करायला पुरुषांना बराच काळ लागतो. तेरा महिन्यांनी कोणी बोलला आणि कलम फक्त ११५(२) असले, तर दार बंद. ३७७ ला ही मुदत नव्हती. म्हणून तपास अधिकाऱ्यांना एक गोष्ट बजावून सांगायला हवी : घटना ३० जून २०२४ च्या मध्यरात्रीपूर्वीची असेल, तर गुन्हा आजही जुन्या कलम ३७७ खालीच नोंदवायचा. जुना कायदा रद्द झाला तरी त्याखालील दायित्व न्याय संहितेच्या कलम ३५८ ने राखून ठेवले आहे. ‘ते कलम आता नाही’ असे सांगून अशा माणसाला परत पाठवणे बेकायदा आहे.

कायदा बदलेपर्यंत पोलीस महासंचालकांच्या एका परिपत्रकाने बरेच काही साधेल. पहिली गोष्ट, घटनेतला दखलपात्र भाग शोधायला शिकवा. दार लावून अडवून ठेवले असेल तर कलम १२७ लागते आणि ते दखलपात्र आहे. बाटली, सळई, चाकू, सिगारेटचा चटका असेल तर ११८. फसवून किंवा जबरदस्तीने दुसरीकडे नेले असेल तर १४०(४). पैसे उकळले असतील तर ३०८, बळाने घेतले असतील तर ३०९, पाच किंवा अधिक माणसे असतील तर दरोड्याचे ३१०. गुप्तांगांचे चित्रण केले असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ ई, ज्यात ‘कोणतीही व्यक्ती’ असे शब्द आहेत; मात्र त्याचा तपास पोलीस निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो, नाहीतर पुढे खटल्यात अडचण येते. यांपैकी एक जरी कलम लागले, तरी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४(४) प्रमाणे सगळे प्रकरण दखलपात्र होते. हे एक पोटकलम ठाणे अंमलदाराला माहीत असेल, तर निम्म्या एनसी टळतील.

जबाब लिहिताना लैंगिक कृत्याचे वर्णन गाळू नका. ‘मारहाण करून गैरकृत्य केले’ एवढ्यावर जबाब उरकला जातो, आणि पुढे कलम वाढवायची वेळ आली की हाती काही उरत नाही. कोणी, कशाने, शरीराच्या कोणत्या भागात, किती वेळा, आधी काय म्हटले, पीडित काय म्हणाला, हे त्याच्याच शब्दांत यायला हवे. ‘पुरुष असून प्रतिकार का केला नाही’ हा प्रश्न विचारू नये. भीतीने शरीर थिजते. हल्ल्याच्या वेळी शरीराने दिलेली लैंगिक प्रतिक्रिया ही संमती नसते, ती प्रतिक्षिप्त क्रिया असते. पीडित समलिंगी आहे का, आधी कोणाशी संबंध होते का, याचा गुन्ह्याशी संबंध नाही, ते जबाबात आणू नका.

एफआयआर संकेतस्थळावर टाकू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये एफआयआर चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकण्याचा आदेश दिला, तेव्हाच संवेदनशील गुन्हे त्यातून वगळले. हे प्रकरण संवेदनशील असल्याची नोंद नोंदणीच्या वेळीच झाली पाहिजे. दोन दिवसांनी केलेल्या दुरुस्तीचा उपयोग नसतो. न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जबाब सक्तीचा नसला तरी कलम १८३ च्या पहिल्या पोटकलमाखाली तपास अधिकारी तशी विनंती करू शकतात. ती नेहमी करावी.

पारलिंगी स्त्रीची तक्रार आली, तर ती स्त्री म्हणूनच कलम ६४ (बलात्कार) किंवा ७४ (विनयभंग) खाली नोंदवा. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये लिंगबदल शस्त्रक्रिया केलेल्या पारलिंगी स्त्रीला कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली ‘पीडित व्यक्ती’ मानले आहे. आरोपीला व्याख्येवर वाद घालायचा असेल तर तो कोर्टात घालील, ठाणे अंमलदाराने दारातच निकाल देऊ नये.

दवाखान्याचा भाग गृह आणि आरोग्य विभागांनी मिळून हाती घ्यायला हवा. आज पुरुष पीडित अपघात विभागात आला की त्याची एमएलसी, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण म्हणून नोंद, होते, जखमांचा दाखला मिळतो आणि तो घरी जातो. नमुने घेतले जात नाहीत, कारण पोलिसांच्या पत्रात तसे कलम नसते. तपासणी करायची ठरलीच, तर छापील फॉर्ममध्ये योनिपटल, गर्भाशय, शेवटची पाळी असे रकाने असतात. डॉक्टर प्रत्येकापुढे ‘लागू नाही’ लिहीत जातो आणि गुदद्वाराच्या तपासणीला जेमतेम एक ओळ उरते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची २०१४ ची मार्गदर्शक तत्त्वे सर्व लिंगांच्या पीडितांसाठी आहेत. ती पाळायला कोणत्याही कायदादुरुस्तीची गरज नाही. पीडित स्वतः आला तरी, पोलिसांच्या पत्राची वाट न पाहता, तपासणी करता येते. संमती तीन गोष्टींसाठी वेगवेगळी घ्यायची : तपासणी, नमुने आणि पोलिसांना कळवणे. त्याने तिसरीला नकार दिला म्हणून पहिल्या दोन थांबत नाहीत.

नमुन्यांसाठी साधारण ९६ तास हाती असतात. आंघोळ केली, शौचाला जाऊन आला, कपडे धुतले, तरीही नमुने घ्यावेत. गुदद्वाराच्या बाहेरचे आणि आतले बोळे (स्वॅब) वेगळे ठेवावेत. तोंडातले, नखांखालचे आणि चाव्याच्या जागेवरचे वेगळे. बोळे सावलीत हवेवर वाळवून कागदी पाकिटात भरायचे. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलसर बोळा बंद केला तर त्यावर बुरशी येते आणि मुंबईतल्या कलिनाच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत डीएनए मिळत नाही. पाकिटावर एमएलसी क्रमांक, तारीख, वेळ, सही आणि सील हवे. पोलिसांकडे देताना पोच घ्यायला हवी. जखम नसणे म्हणजे अत्याचार नसणे नव्हे, हे अभिप्रायात स्पष्ट लिहावे. आणि जखम असेल तर रुग्णाला किती दिवस तीव्र वेदना राहिल्या, किती दिवस तो नेहमीची कामे करू शकला नाही, याची नोंद पुढच्या भेटींत ठेवावी. पंधरा दिवस भरले तर न्याय संहितेच्या कलम ११६ प्रमाणे ती जबर दुखापत होते, आणि एक वर्षाच्या जागी सात वर्षांचे, दखलपात्र कलम लागते. डॉक्टरांना हे कोणी सांगत नाही.

गुदद्वाराची सैलता बोटाने तपासून ‘सवयीचा’ (म्हणजे अशा संबंधांची सवय असलेला) असा शेरा मारणे पूर्ण बंद व्हायला हवे. स्त्रियांवरील दोन बोटांची चाचणी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये नाकारली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये तिला गैरवर्तन ठरवले. ही तिचीच दुसरी बाजू आहे. उपचारांत एचआयव्ही प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत, जितके लवकर तितके चांगले, आणि मग २८ दिवस. हिपॅटायटिस बी ची लस. लैंगिक संसर्गांवरची औषधे. यांपैकी कशालाच एफआयआर लागत नाही.

कोर्टातही एक वाट उघडी आहे. ११ जानेवारी २०२२ च्या आदेशात, जो महाराष्ट्रातूनच गेलेल्या प्रकरणात झाला, सर्वोच्च न्यायालयाने असुरक्षित साक्षीदारांच्या, म्हणजे साक्ष देताना विशेष संरक्षण लागणाऱ्यांच्या, व्याख्येत कलम ३७७ खालील पीडितांना वय आणि लिंग न पाहता समाविष्ट केले. ते कलम गेल्याने तो आधार लुळा पडला, पण न्यायालयाला योग्य वाटेल असा कोणताही साक्षीदार त्या व्याख्येत बसतो. सरकारी वकिलांनी पहिल्याच तारखेला अर्ज देऊन साक्ष असुरक्षित साक्षीदार केंद्रात आणि बंद खोलीत घेण्याची मागणी करावी, अशी सूचना विधी व न्याय विभागाने काढावी. नुकसानभरपाईचे कलम ३९६ सर्व पीडितांसाठी आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पुरुषाचा अर्ज ‘योजना महिलांची आहे’ म्हणून परत जाऊ नये. अत्याचारग्रस्त स्त्रिया आणि मुलांना अर्थसाहाय्य देणाऱ्या राज्याच्या मनोधैर्य योजनेतही प्रौढ पुरुष आणि पारलिंगी पीडितांचा समावेश करणे शासन निर्णयाने शक्य आहे.

हे सगळे मात्र ठिगळ आहे. उपाय कायद्यातच व्हायला हवा आणि तो तुमच्या आवाक्यात आहे. फौजदारी कायदा आणि फौजदारी प्रक्रिया दोन्ही समवर्ती सूचीत आहेत. संविधानाच्या अनुच्छेद २५४(२) प्रमाणे राज्याची दुरुस्ती राष्ट्रपतींच्या संमतीने राज्यात लागू होते. स्त्रिया आणि मुलांवरील अत्याचारांना कडक शिक्षा देण्यासाठी राज्याने आणलेल्या शक्ती विधेयकाचा अनुभव तुमच्यासमोर आहे. डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केले आणि संमतीविना ते अडकले. त्यात फाशीपासून तपासाच्या मुदतीपर्यंत पुष्कळ काही एकत्र बांधले होते. आम्ही मागतो ते विधेयक दोन पानांचे आहे.

कलम ६३ ला हात लावू नका. ते कलम स्त्रियांनी मोठ्या लढ्याने घडवले आहे, आणि त्या लढ्याची एक सुरुवात याच राज्यात, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराच्या प्रकरणातून झाली. त्याशेजारी नवे कलम घाला. पीडिताच्या जागी ‘कलम ६३ मध्ये न येणारी कोणतीही व्यक्ती’. कृत्यांत लिंगाबरोबर वस्तू आणि शरीराचे इतर अवयवही हवेत. ३७७ मध्ये वस्तूंचा समावेश नव्हता, म्हणून जुनेच कलम परत आणणे पुरेसे नाही. संमतीची व्याख्या ६३ चीच, म्हणजे प्रतिकार केला नाही यावरून संमती मानायची नाही. शिक्षाही कलम ६४ चीच. पोलीस कोठडी, तुरुंग, वसतिगृह, दवाखाना आणि सामूहिक अत्याचार यांना वाढीव शिक्षा. वर दिलेल्या प्रक्रियेच्या सहाही कलमांच्या यादीत हे नवे कलम घाला, नाहीतर ते एकटे पडेल.

आरोपीच्या जागी कोण, यावर प्रामाणिक मतभेद आहेत. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्कारानंतर नेमलेल्या न्या. वर्मा समितीच्या २०१३ च्या मसुद्याच्या बाजूने आम्ही आहोत : पीडित कोणीही, आरोपी पुरुष. फेब्रुवारी २०१३ च्या अध्यादेशात दोन्ही बाजू लिंगनिरपेक्ष होत्या. महिला संघटनांनी त्याला विरोध केला, आणि एप्रिलमधल्या कायद्यात पीडितेच्या जागी पुन्हा फक्त स्त्री आली. त्या विरोधामागचे कारण खरे होते. बलात्काराच्या तक्रारदार स्त्रीवर उलटी तक्रार टाकून तिला समझोत्याला भाग पाडणे आरोपीच्या हाती येते. पण त्या भीतीपोटी पुरुष आणि पारलिंगी पीडितांनाही व्याख्येबाहेर ठेवायचे कारण नव्हते. आमच्या मसुद्यात स्त्री आरोपी असलेली थोडी प्रकरणे दुखापतीच्या कलमांत राहतील. ते नुकसान आम्ही जाणून स्वीकारले आहे.

मुलांसाठी हे काम संसदेने २०१२ मध्येच केले आहे. पॉक्सो कायद्यात मुलगा, मुलगी, पारलिंगी मूल सगळे समान आहेत. त्यामुळे सतरा वर्षे अकरा महिन्यांच्या मुलावर अत्याचार झाला तर किमान दहा वर्षांची शिक्षा आहे, आणि महिन्याभराने तोच अत्याचार झाला तर एनसी.

मागण्या दोन. परिपत्रकाला मंत्रिमंडळाची मंजुरी लागत नाही. ते महिन्याभरात निघावे, आणि त्याची मराठी प्रत प्रत्येक ठाण्यात ठाणे अंमलदाराच्या टेबलावर आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागात असावी. विधेयक येत्या अधिवेशनात मांडावे. सरकारकडून येणार नसेल तर कोणत्याही सदस्याने ते अशासकीय विधेयक म्हणून मांडावे. दोन्हींचे मसुदे आमच्याकडे तयार आहेत. विधी व न्याय विभागाने बोलावल्यास कलमवार चर्चेला आम्ही येऊ.

आपले,
फौजदारी वकील, न्यायवैद्यक डॉक्टर आणि समुपदेशक यांचा एक गट